टॅनर हाऊसची सरकती पंगत

लिडकोट शाळेचे जुने हेडमास्तर दर सत्राच्या सुरुवातीला शिक्षकांना शेरी वाइनचा एकेक पेला द्यायचे, "चला, मागच्यासारखंच," म्हणायचे आणि गळ घेऊन नदीवर निघून जायचे. नवे हेडमास्तर क्रिस्पिन ओकशॉट आले आणि त्यांनी शेरी बंद करून पडदा आणला. आता सत्र पडद्यापासून सुरू व्हायचं. पडद्यावर बाण वर वर जायचे, रंगीत गोल एकमेकांत शिरायचे आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात 'लिडकोट २०३५' असं लिहिलेलं असायचं.

डिलिस प्रोसर शेवटच्या रांगेत विणकाम घेऊन बसायच्या. शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि उरलेला सगळा वेळ टॅनर हाऊस सांभाळायच्या. लिडकोटची मुलं पाच घरांत वाटून राहायची. त्यांतलं टॅनर सगळ्यांत लहान, सगळ्यांत गार आणि प्रोसरबाईंच्या मते सगळ्यांत शहाणं. इतर चार घरांचं मत वेगळं होतं, पण ते बाईंना सांगायची कुणाची छाती नव्हती.

खरं सांगायचं तर ओकशॉटांनी दीड वर्षात बरंच काही चांगलं केलं होतं. चॅपलचं छप्पर गळायचं थांबलं होतं, त्यामुळे गाणारी मुलं आता पायाशी बादल्या न ठेवता गात होती. हॉकीच्या चिखलावर हिरवागार गालिचा आला होता. आणि गेल्या सप्टेंबरात, शाळा निघाल्यापासून पहिल्यांदाच, मुली आल्या होत्या. मुली आल्यावर आभाळ कोसळेल असं म्हणणारे माजी विद्यार्थी आता नातींसाठी अर्ज पाठवत होते. हे सगळं बाईंना मान्य होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग यायचा. माणूस ठार मूर्ख असता तर भांडायला तरी बरं पडलं असतं.

जानेवारीतल्या त्या सकाळी पडद्यावर आधी चढायची भिंत आली, मग यंत्रमानवांची प्रयोगशाळा आली, आणि मग एक लांबरुंद काचेची खोली आली. ती कुणाला नवीन नव्हती. वर्षभर तिचं बांधकाम खिडकीबाहेर ठोकठोक करत होतं.

"एक शाळा, एक भोजनगृह," ओकशॉट म्हणाले. "मार्चमध्ये उद्घाटन. त्यानंतर घराघरांतली स्वयंपाकघरं बंद. मुलं ट्रे घेतील, हवं ते वाढून घेतील, हवं तिथे बसतील. पहिला मान सगळ्यांत लहान घराचा. म्हणजे टॅनरचा."

बाईंची सुई थांबली. "आणि टॅनरच्या जेवणघराचं काय होणार?"

"आनंदाची गोष्ट आहे, डिलिस." पुढचं चित्र आलं. त्यात बाईंचं जेवणघर होतं, पण टेबल गायब होतं आणि जमिनीवर वाटाण्यांनी भरल्यासारख्या फुगीर गाद्या पडल्या होत्या. "मनमोकळं बोलण्यासाठी खोली. मुलांना आपल्या मनातलं सांगायला शाळेत हक्काची जागाच नाही."

शेजारी बसलेले गणिताचे मास्तर पुढे सांगायचे की तेव्हा बाईंनी विणलेल्या मोज्याची टाच एका झटक्यात पूर्ण उसवली.

---

टॅनरमध्ये मनातलं सांगायची जागा होती. ती म्हणजे बाईंच्या उजव्या हाताची खुर्ची.

टॅनरचं टेबल एकच होतं, ओकच्या लाकडाचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत लांब. दुपारी प्रार्थना झाली की बाई चमचा घेऊन पेल्यावर टिंग असा आवाज करायच्या. त्याबरोबर बाईंच्या उजवीकडचं मूल आपला रुमाल उचलून टेबलाच्या पार शेवटाला जायचं आणि बाकीचे सगळे एकेक खुर्ची वर सरकायचे. मग वाढप. कुणी कधी हे सुरू केलं ते ठाऊक नव्हतं. बाईंच्या आधीच्यांनी केलं, त्यांच्याही आधीच्यांनी केलं. नवं मूल शेवटच्या खुर्चीवर सुरू व्हायचं आणि सरकत सरकत एक दिवस बाईंपाशी पोचायचं. मूल हुशार असो, मठ्ठ असो, लाडकं असो की नकोसं, ती खुर्ची कुणालाच चुकत नव्हती.

त्या खुर्चीवर आलेल्या मुलाला बाई भाजलेल्या बटाट्यांचं भांडं पुढे करायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणतोस?"

"ठीक आहे, बाई," हे पहिल्या बटाट्याचं उत्तर. ते सगळ्यांचं सारखंच असायचं. बाई काही बोलायच्या नाहीत. ग्रेव्ही वाढायच्या, दुसरा बटाटा वाढायच्या आणि स्वतःच्या ताटाकडे बघून जेवत राहायच्या. दुसऱ्या बटाट्याच्या अर्ध्यावर खरं काय ते बाहेर यायचं.

टॅम्सिनचंच बघा. ही बारा वर्षांची पोरगी आज टॅनरचं छप्पर उडवते, पण सप्टेंबरात ती मुलींच्या पहिल्या तुकडीत आली तेव्हा आठवडेच्या आठवडे तिने तोंड उघडलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं. नर्सने तपासलं, काही नाही. घरी फोन केला, काही नाही. मग तिची खुर्ची आली. दुसऱ्या बटाट्याला ती ताटात बघून म्हणाली, "बाई, इथे रात्री काहीच ऐकू येत नाही."

तिच्या आईवडिलांचा पब होता आणि ही जन्मापासून पबच्या वर झोपत आलेली. खाली गडबड, गाणी, कुणाचं तरी भांडण, हीच तिची अंगाई. डोंगरातल्या शांततेत बिचारी रात्रभर टक्क जागी राहायची. बाईंनी त्या रात्री कपडे वाळवायच्या मशीनमध्ये दोन जुने रबरी बूट टाकले आणि ते तिच्या खोलीबाहेर लावून दिलं. धडाम धडाम आवाज सुरू झाला आणि पोरगी सकाळी नाश्त्याला हाका मारून उठवावी लागली. दुसऱ्या दिवसापासून तिने जी बोलायला सुरुवात केली ती अजून थांबलेली नाही.

ट्रे घेऊन हवं तिथे बसायचं म्हटल्यावर ही पोरगी कुठे बसली असती? खांबामागे, एकटी, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. बाईंना नव्या भोजनगृहाची काच टोचत नव्हती, ट्रेही टोचत नव्हते. टॅनरची पंगत सरकायची थांबणार, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

---

त्या हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या तेव्हा दुपारची जेवणाची वेळ टळून गेली होती. ओकशॉट संगणकासमोर बसून कागदातलं सँडविच खात होते. बाईंना बघून त्यांनी ते खणात ठेवलं, चोरी पकडल्यासारखं.

"बसा ना, डिलिस."

"उभी बरी आहे. हेडमास्तर, टॅनरला नव्या जागी एक टेबल द्या. एकच. ट्रे घेऊ, रांगेत उभे राहू, तुम्ही म्हणाल ते करू. पण आमचं टेबल सरकू द्या."

"ते खुर्च्या बदलण्याचं?" ओकशॉट हसले. हसू वाईट नव्हतं, फक्त घाईतलं होतं. "मी एकदा आलो होतो की तुमच्याकडे. छान वाटलं."

"तुम्ही आलात तेव्हा पुडिंग संपत आलं होतं."

"मीटिंग लांबली होती." ते थोडे ओशाळले. "हे बघा, एका घराला वेगळा नियम दिला की उरलेल्या चार घरांचे लोक उद्या दारात उभे राहतील. आणि गरम सूप असलेल्या खोलीत मुलांनी उठून फिरायचं, हे सुरक्षेच्या नियमात कसं बसवू? शिवाय मुलांना निवड करायला आवडतं."

"ज्याला मित्र आहेत त्याला आवडतं," बाई म्हणाल्या. "ज्याला नाहीत त्याने काय निवडायचं?"

 ओकशॉटांनी पेन उचललं, खाली ठेवलं.

"मुलांना बोलतं करायला ती खोली नको," बाई पुढे म्हणाल्या. "वाटाण्याच्या पोत्यावर बसवून 'बोल बाळा' म्हटलं की मूल पोत्यातच शिरतं. मी काही धमकी द्यायला आले नाही, हेडमास्तर. पण पंगत गेली तर जुलैत मीही जाईन. टेन्बीला बहीण आहे माझी, तिच्याकडे खोली रिकामी आहे. बाकीचं जमेल तसं चालवणारी कुणीतरी मिळेल तुम्हाला."

ओकशॉट खरंच दचकले. "मी उद्घाटनाच्या दुपारी हा विषय विश्वस्तांसमोर ठेवतो. तुमची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, शब्द देतो. पण त्या दिवशी जेवताना काही गडबड नको. क्रॅडकसाहेब येताहेत."

"टॅनरची मुलं गडबड करत नाहीत," बाई म्हणाल्या. "मीही शब्द देते. त्या दिवशी माझं एकही मूल जागचं हलणार नाही."

दाराबाहेर पडताना त्यांनी मागे पाहिलं तर ओकशॉटांनी खण उघडून सँडविच परत बाहेर काढलं होतं.

---

सर मॉन्टी क्रॅडक यांनी कुत्र्यांच्या बिस्किटांवर अफाट पैसा मिळवला होता आणि त्यातला मोठा वाटा देऊन हे भोजनगृह उभं केलं होतं. त्यामुळे मुलांनी उद्घाटनाच्या कितीतरी आधीच त्याचं नाव 'कुत्र्याची वाटी' ठेवून टाकलं होतं. साहेब शाळा सोडल्यापासून एकदाही इकडे फिरकले नव्हते. पैसे पाठवायचे, शुभेच्छा पाठवायचे, स्वतः यायचे नाहीत. ते टॅनरचे विद्यार्थी होते एवढं माहितीपत्रकात होतं, पण शाळेच्या त्या काळातल्या कुणाचाच आता पत्ता नव्हता.

मार्चच्या त्या शुक्रवारी ऊन पडलं होतं. मैदानाच्या कडेला डॅफोडिल फुलले होते. ओकशॉटांनी छायाचित्रासाठी टेबलं जोडून एकच लांबलचक टेबल करून घेतलं होतं. वरच्या टोकाला ते स्वतः, त्यांच्या उजव्या हाताला क्रॅडकसाहेब, मग बिशपसाहेब, मग विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा मिसेस ब्लाय आणि इतर पाहुणे, मग ओळीने टॅनरची मुलं आणि पार शेवटी, स्वयंपाकघराच्या दाराशी, प्रोसरबाई. प्रत्येकाच्या पेल्यापाशी नावाचं कार्ड. कोण कुणाशेजारी बसेल यावर ओकशॉटांच्या सेक्रेटरीने आठवडा घालवला होता.

बाईंनी सकाळीच मुलांना उभं करून बजावलं होतं. "आज कुणी सरकायचं नाही. पेला वाजो, ढोल वाजो, तोफ वाजो."

"पण बाई, हात आपोआप रुमालाकडे जातो," टॅम्सिन म्हणाली.

"मग हातावर बस."

बिशपसाहेबांनी प्रार्थना म्हटली. आमेन झालं. ओकशॉट उभे राहिले. त्यांच्यामागे पडदा होता आणि पडद्यावर 'लिडकोट २०३५' झळकत होतं. खोलीत कुजबुज चालू होती, म्हणून त्यांनी सगळेच करतात तसं केलं. चमचा उचलला आणि पेल्यावर वाजवला.

टिंग.

टॅनरची सगळी मुलं एकदम ताठ झाली आणि हातांवर बसून राहिली. बाईंना त्यांचा अभिमान वाटला. पण वरच्या टोकाला क्रॅडकसाहेब उठले होते. म्हातारबुवांनी मांडीवरचा रुमाल उचलला, काखेत धरला आणि काही न बोलता, कुणाकडे न बघता, भोजनगृहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे चालू लागले.

ओकशॉट तोंड उघडं ठेवून बघत राहिले. साहेबांना बाथरूमला जायचं असावं असं सगळ्यांनी धरलं आणि सगळे सभ्यपणे छताकडे बघू लागले. साहेब शेवटच्या मुलामागे येऊन थांबले. तिथे खुर्ची नव्हती. त्यांनी वाट पाहिली. मग पांढऱ्या भुवया उंचावून वरच्या टोकाकडे हात हलवला.

"अहो, सरका की वर! माणूस किती वेळ उभा राहील?"

इतर कुठल्या देशात कुणीतरी विचारलं असतं की का म्हणून. इथे बिशपसाहेबांना वाटलं, ही शाळेची काहीतरी जुनी रीत असणार आणि ती आपल्याला ठाऊक नाही हे दिसलं तर फार वाईट दिसेल. ते लगबगीने उठून साहेबांच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. मिसेस ब्लाय यांनी बिशप उठलेले पाहिले आणि बिशपांची खुर्ची घेतली. त्यांच्यामागून प्रत्येक पाहुणा "माफ करा हं", "तुम्ही आधी", "नाही नाही, तुम्ही" करत एकेक खुर्ची सरकला. कुणालाही काही कळलेलं नव्हतं आणि प्रत्येक जण खूप दिवसांची सवय असल्यासारखा चेहरा करून होता. सरकत सरकत रिकामी खुर्ची टॅम्सिनशेजारी येऊन थांबली.

टॅम्सिनने बाईंकडे पाहिलं. सगळ्या मुलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, नाही. दिलेला शब्द होता.

"काय रे," क्रॅडकसाहेब पुढच्या मुलाच्या डोक्यावर वाकून म्हणाले, "टॅनरचेच ना तुम्ही? की टॅनरमध्ये आता बहिऱ्या मुलांना घेतात?"

 बाईंनी दूरवर उभ्या असलेल्या ओकशॉटांकडे पाहिलं, मग रुमाल काखेत धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. शब्द एकीकडे आणि उभा राहिलेला पाहुणा दुसरीकडे.

"सरका," बाई म्हणाल्या. "पाहुण्याला उभं ठेवतात का?"

झर्रकन सगळी पंगत वर सरकली. एक चमचा पडला नाही, एक पेला सांडला नाही. साहेब शेवटच्या खुर्चीवर बसले, बाईंच्या अगदी शेजारी.

"मित्रहो," ओकशॉट वरून म्हणाले, पण आता हशा पिकला होता आणि कुणाला ऐकू येईना. त्यांनी सवयीने पुन्हा पेला वाजवला.

टिंग.

"बिशपसाहेब!" क्रॅडक खालून ओरडले. "तुमची पाळी! रुमाल विसरू नका!"

बिशपसाहेब आज्ञाधारकपणे उठले आणि झगा सावरत निघाले. ओकशॉटांनी शांततेसाठी तिसऱ्यांदा पेला वाजवला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की शांतता मागितली की पाहुणा जातो. त्यांनी चमचा विस्तवासारखा खाली टाकला. पण तोवर मिसेस ब्लाय शेवटाला जाऊन बसल्या होत्या आणि तिथे एक दहा वर्षांचा मुलगा बिशपसाहेबांना विचारत होता की स्वर्गात कुत्र्यांना बिस्किटं मिळतात का, आणि मिळत असतील तर क्रॅडकसाहेबांचीच मिळतात का. ते हसू ऐकून वरच्या पाहुण्यांना राहवेना. एका विश्वस्ताने स्वतःचाच पेला वाजवला. मग दुसऱ्याने. वाढपी भांडी घेऊन दारात ताटकळत उभे होते.

"तुम्ही स्वतः खाऊन बघता का बिस्किटं?" मुलाने आता साहेबांनाच धरलं.

"रोज सकाळी एक. माझे केस बघ कसे चमकतात."

बाईंनी दारातून बटाट्यांचं भांडं घेतलं आणि त्या वर सरकलेल्या साहेबांपाशी गेल्या, तेव्हा साहेबांचा आवाज उतरला. "मी चूक केली ना? चमचा वाजला आणि पाय उठले हो. मधली सगळी वर्षं कुठे गेली कळलंच नाही."

"चूक बिलकुल नाही," बाई म्हणाल्या.

"मी इथे आलो तेव्हा मला वाचता येत नव्हतं. कुणाला पत्ता लागू दिला नाही मी. पाठ करायचो, आजारी पडायचो, मारामाऱ्या करायचो. मग एक दिवस ती खुर्ची आली. आमच्या मास्तरांनी बटाटे पुढे केले आणि काही बोललेच नाहीत." साहेबांनी रुमालाने नाक पुसलं. "तिथे सांगितलं मी. पहिल्यांदा. या इमारतीला पैसे दिले ते त्या खुर्चीसाठी दिले. यायला मात्र भीती वाटायची. वाटायचं, येऊन पाहू आणि ती खुर्ची नसेल तर?"

 बाईंनी भांडं साहेबांपुढे ठेवलं आणि त्यांना सोमवारपासून काय होणार आहे ते सांगून टाकलं. साहेबांनी ऐकून घेतलं, एक बटाटा तोंडात टाकला आणि बिशपसाहेबांच्या पलीकडे बसलेल्या मिसेस ब्लाय यांच्याकडे झुकून बराच वेळ काहीतरी पुटपुटले.

बाईंनी वर पाहिलं. वरच्या टोकाला पाहुणा असा एकही उरला नव्हता. ओकशॉट मुलांमध्ये एकटे सापडले होते, त्यांच्या उजव्या हाताला टॅम्सिन होती, आणि ती हात हलवत काहीतरी विचारत होती. हेडमास्तरांनी काहीतरी उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं. मग ओकशॉट, शाळेत आल्यापासून पहिल्यांदा, तोंड भरून हसले. मागे पडद्यावरचा बाण वर चढून केव्हाच थांबला होता.

"काय विचारत होतीस गं सरांना?" संध्याकाळी बाईंनी टॅम्सिनला गाठलं.

"विचारलं की तुम्ही रोज एकटेच सँडविच का खाता. आमच्या भूगोलाच्या वर्गातून दिसतं."

"अगं देवा. मग?"

"म्हणाले, कामं असतात. मी म्हटलं, कामं तर बाईंनाही असतात."

---

त्या दुपारी खुर्च्या उचलल्या जात असताना ओकशॉट बाईंपाशी आले होते. त्यांच्या टायवर कस्टर्ड सांडलं होतं.

"विश्वस्तांनी निर्णय घेतला. माझ्यावर तुमची बाजू मांडायची वेळच आली नाही. मी तोंड उघडायच्या आधी मिसेस ब्लाय यांनी पेला वाजवून ठराव मंजूर करून टाकला. सगळी घरं सरकणार. पाचही. सूप शेवटी द्यायचं, म्हणजे सुरक्षेचंही भागलं."

"मी शब्द मोडला, हेडमास्तर," बाई म्हणाल्या. "मुलं हलणार नाहीत म्हणाले होते."

"तुम्ही पाहुण्याला बसायला जागा दिलीत." ते जरा घुटमळले. "टेन्बीचं काय?"

"टेन्बीला बहीण आहे. फार बोलते ती. बघू पुढच्या वर्षी."

ओकशॉटांनी मान हलवली, निघाले, आणि परत आले. "सोमवारपासून मलाही इथेच जेवायचंय. टॅनरच्या टेबलावर. चालेल का? माझी खुर्ची कोणती?"

"नवं मूल शेवटच्या खुर्चीवर सुरू होतं," बाई म्हणाल्या.

"हेडमास्तरांनाही हाच नियम?"

"आम्ही एका घराला वेगळा नियम देत नाही."

सोमवारी लिडकोटचे हेडमास्तर स्वयंपाकघराच्या दाराशी बसून जेवले. त्यांच्या एका बाजूला होता दात पडलेला मुलगा, जो त्यांना रोज नवा दात दाखवायचा. मीटिंगा लांबायच्या बंद झाल्या, कारण उशीर झाला की पंगत त्यांना सोडून सरकायची आणि मुलं "सर, तुमची खुर्ची गेली!" म्हणून टाळ्या पिटायची. वसंत सरला, क्रिकेट सुरू झालं. टॅनरचं जुनं जेवणघर रिकामंच राहिलं होतं. फुगीर गाद्या आल्या, त्या मुलांनी गोलरक्षकाच्या सरावाला वापरल्या, आणि ओकशॉटांनी त्याबद्दल ब्रही काढला नाही. रोज एक खुर्ची करत ते वर येत होते.

जूनमध्ये त्यांची खुर्ची बाईंपाशी आली. बाहेर गवत कापल्याचा वास सुटला होता. त्या दिवशी पुदिना घातलेले नवे बटाटे होते. बाईंनी भांडं पुढे केलं.

"काय म्हणता, हेडमास्तर?"

"उत्तम," ओकशॉट म्हणाले. "प्रयोगशाळेचा पाया पुढच्या महिन्यात. मुलींचे अर्ज दुप्पट आलेत. चढायच्या भिंतीचंही ठरल्यात जमा आहे."

 बाईंनी लोणी पुढे सरकवलं, दुसरा बटाटा वाढला आणि आपल्या ताटाकडे बघून जेवत राहिल्या. ओकशॉटांनी बटाट्याचे दोन तुकडे केले. मग चार केले.

"ते घर फार मोठं आहे हो, डिलिस," ते ताटात बघून म्हणाले. "हेडमास्तरांचं. आधीच्यांना पाच मुलं होती, त्यांना पुरलं असेल. मी एकटा. दिवसभर कळत नाही. पण संध्याकाळी दार लावलं की तिथे काहीच ऐकू येत नाही."

 शेजारच्या खुर्चीवरून टॅम्सिनने मान पुढे काढली.

"सर, कपडे वाळवायच्या मशीनमध्ये बूट टाका! रबरी. दोन टाका, एकाने तेवढा आवाज येत नाही. मी तशीच झोपले होते."

सगळं टेबल हसलं आणि ओकशॉटही हसले, पण त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"मशीन कशाला बिघडवता," बाई म्हणाल्या आणि तिसरा बटाटा त्यांच्या ताटात ठेवला. "रात्री जेवणानंतर टॅनरमध्ये टोस्ट असतो. ही सगळी एकदम बोलत असतात. या तुम्ही. स्वतःचा मग घेऊन या, आमच्याकडचे सगळे फुटलेत."

दुसऱ्या दिवशी चमचा वाजला तेव्हा हेडमास्तरांनी आपला रुमाल उचलला आणि शेवटच्या खुर्चीकडे निघाले.